काळी माती, पांढरा कापूस आणि छायाचित्रणाची ऑनलाइन साधने

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राची हद्द संपत येते त्या भागात, पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. भोवती काळ्या मातीचा कापूस पट्टा, जवळच टिपेश्वर अभयारण्य आणि तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत असतात तसे फोटो स्टुडिओ व ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे, एवढ्यावरून येथे छायाचित्रणाचे ज्ञान कोणाकोणाला लागते हे ध्यानात येते. लग्नाचा अल्बम मांडणारा कारागीर, परीक्षेच्या अर्जाला जोडायचा फोटो ठरलेल्या मापात बसवून देणारा केंद्रचालक, बोंडावरच्या किडीचा फोटो काढून कृषी सहायकाला पाठवणारा शेतकरी आणि जंगल सफारीसाठी भाड्याने लेन्स आणणारा हौशी छायाचित्रकार, या सर्वांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी त्यांना लागणारे मूलभूत ज्ञान एकच असते. पूर्वी ते स्टुडिओत मालकाच्या हाताखाली काही वर्षे राबून मिळे, आणि मालक जेवढे सांगेल तेवढेच मिळे. डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट आल्यावर ही मर्यादा उरलेली नाही.

उलट आता शिकणाऱ्याची दमछाक होते ती सामग्रीच्या सुकाळाने. छायाचित्रणावरील व्हिडिओ एकापाठोपाठ एक पाहत गेले की विषय समजल्यासारखा वाटतो, पण कॅमेरा हाती घेताच हात अडखळतो, कारण पाहणे आणि करणे यांत या कलेत फार मोठे अंतर आहे. म्हणून एखादे ऑनलाइन साधन उपयोगी की नाही हे ठरवताना ते किती देखणे आहे किंवा किती लोकांनी पाहिले आहे याला महत्त्व नसते. त्यातून शिकणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष काय पडते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. उतरवून घेता येणारी मूळ फाइल, चित्र काढताना कॅमेऱ्यावर असलेल्या आकड्यांची नोंद, इंटरनेट नसतानाही चालणारा धडा, आपल्या भाषेतले विवेचन, यांपैकी काही हाती पडत असेल तर ते साधन वेळ देण्याजोगे आहे. या प्रकरणात साधनांची निवड याच कसोटीवर केली आहे, आणि त्यामुळे बरीच लोकप्रिय नावे येथे आढळणार नाहीत.

दूरच्या सामग्रीवर विसंबून स्वतःच शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि १८९० नंतर बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणासह अनेक तंत्रे शिकली. पण चलच्चित्राची विद्या शिकवणारी संस्था देशात नव्हती, तेव्हा त्यांनी इंग्रजी पुस्तके आणि लंडनहून निघणारे बायोस्कोप हे साप्ताहिक यांचा आधार घेतला. १९१२ मध्ये यंत्रसामग्री आणल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटा चित्रपट केला. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीचा ताबडतोब हाताने पडताळा घेणे ही त्यांची रीत होती, आणि ऑनलाइन शिकणाऱ्याने घ्यावा असा धडा तोच आहे.

पाया पक्का करण्यासाठी इंग्रजी समजणाऱ्याला सर्वांत भरीव साधन म्हणजे मार्क लेव्हॉय यांची डिजिटल छायाचित्रणावरील व्याख्याने. लेव्हॉय हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्राचे सेवानिवृत्त प्राध्यापक. गूगलच्या पिक्सेल फोनमधील कॅमेऱ्याच्या संगणकीय प्रक्रियेमागे त्यांचे मोठे काम आहे. विद्यापीठात शिकवलेला अभ्यासक्रम त्यांनी २०१६ मध्ये गूगलमध्ये पुन्हा शिकवला, आणि त्याची १८ व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. भिंग प्रकाश कसा वळवते, संवेदक म्हणजे प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी कॅमेऱ्यातील चकती काय मोजते, चित्रात दाणेदारपणा का येतो आणि रंग हे नेमके काय प्रकरण आहे, हे सारे त्यांत कारणांसह सांगितले आहे. मध्येच गणित येते. ते ओलांडून पुढे गेले तरी बरेच हाती लागते. ज्याला ऐकण्यापेक्षा वाचणे सोयीचे वाटते त्याच्यासाठी केंब्रिज इन कलर हे संकेतस्थळ आहे, ज्यावरील लेख आकृत्यांसह आणि सावकाश चालीने लिहिलेले आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याहून खोलात जायचे असेल तर एनपीटीईएल या केंद्र सरकारच्या उपक्रमात आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांनी शिकवलेला डिजिटल प्रतिमा प्रक्रियेचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. मराठीत प्रकाशशास्त्र आणि छायाचित्रणाची जुनी पण भक्कम मांडणी वाचायची असेल तर मराठी विश्वकोशातील नोंदी पाहाव्यात, ज्या आता संकेतस्थळावर सर्वांना खुल्या आहेत. त्या फिल्मच्या काळातल्या असल्या तरी भिंगाचे आणि प्रकाशाचे नियम फिल्मबरोबर कालबाह्य झालेले नाहीत.

या साधनांतून जे पहिले शिकायचे ते म्हणजे एक्स्पोजर, अर्थात चित्र काढताना संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा याचे प्रमाण. चित्र किती उजळ येईल ते तीन गोष्टींनी ठरते. पहिली शटरचा वेग, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा. दुसरी अॅपर्चर, म्हणजे भिंगातील छिद्र किती उघडायचे. आणि तिसरी आयएसओ, म्हणजे मिळालेला संकेत किती वाढवायचा. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्राचे माप बदलत नाही, त्यामुळे तेथे खेळ उरतो तो शटर आणि आयएसओ या दोघांचा. ही गोष्ट अनेक व्हिडिओंत सांगितलेली नसते, आणि शिकणारा आपल्या फोनमध्ये नसलेले बटण शोधत राहतो. ओपन कॅमेरा या मोफत अॅपमध्ये, फोन परवानगी देत असेल तर, हे दोन्ही आकडे हाताने बदलता येतात.

पांढरकवड्याच्या आसपासचे शेत हे एक्स्पोजर शिकण्यासाठी कोणत्याही महागड्या स्टुडिओपेक्षा चांगले ठिकाण आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक असे गृहीत धरून चालतो की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारी असेल. जिनिंगच्या आवारात लागलेल्या कापसाच्या गंजीने चौकट भरली तर मापकाला वाटते की प्रकाश फार झाला. तो प्रकाश कमी करतो आणि पांढराशुभ्र कापूस मळकट दिसू लागतो. तेच काळ्या मातीवर उभ्या पऱ्हाटीला उमललेले एकच बोंड टिपले, तर चौकटीत काळेच जास्त असल्याने मापक प्रकाश वाढवतो, माती राखाडी होते आणि बोंडातील धागे नाहीसे होऊन त्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाईचा आकडा अधिक एकच्या दिशेने न्यावा लागतो, दुसऱ्या वेळी उणे एकच्या. येथे एक म्हणजे एक स्टॉप, ज्यात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. मोबाइलवर बोंडावर बोट टेकवून शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढले की हेच काम होते.

हिस्टोग्राम नावाचा आलेख यात मोठी मदत करतो. चित्रातील किती बिंदू किती उजळ आहेत हे तो डावीकडून उजवीकडे दाखवतो; डावे टोक काळे, उजवे टोक पांढरे. आलेखाची रास उजव्या भिंतीला टेकून उंच चढली असेल तर कापसाचे तपशील गेले आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाहीत, असे समजावे. जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आजही कामाला येतो : लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ १६ ठेवावे आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असता सेकंदाचा शंभरावा भाग ठेवावा. ऊन मातीवर, कापसावर आणि वेचणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावर सारखेच पडत असल्याने हा नियम समोरच्या वस्तूच्या रंगाने फसत नाही. डोक्यावरच्या पदराच्या सावलीतला चेहरा मात्र त्याने काळवंडतो, आणि तेथून संपादनाचा विषय सुरू होतो.

कॅमेरा सहसा जेपीईजी या प्रकारची फाइल देतो, ज्यात प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात आणि रंग, उठाव, तीक्ष्णता यांचे निर्णय कॅमेऱ्याने आधीच घेतलेले असतात. रॉ फाइल म्हणजे संवेदकाने मोजलेली कच्ची नोंद, जी १२ बिटांची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटांची असेल तर १६,३८४ पायऱ्या देते. पदराच्या सावलीतला चेहरा उजळताना जेपीईजी लवकर फाटते, रॉ बराच ताण सहन करते. अॅडोबीने २००४ मध्ये डीएनजी हा रॉ फाइलचा खुला नमुना प्रसिद्ध केला आणि २०१४ मधील अँड्रॉइड ५ पासून मोबाइलवरही रॉ टिपण्याची सोय झाली, परंतु ती प्रत्येक फोनमध्ये असतेच असे नाही. ज्याच्याकडे असा फोन किंवा कॅमेरा नाही त्याच्यासाठी पिक्सेल्स डॉट यूएस या संकेतस्थळाचा रॉ नमुन्यांचा संग्रह अत्यंत मोलाचा आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या शेकडो कॅमेऱ्यांतील मूळ रॉ फाइल तेथे कोणालाही विनामूल्य आणि बहुतांशी विनाअट उतरवून घेता येतात. लाखाच्या घरातला कॅमेरा विकत न घेता त्याची कच्ची नोंद आपल्या संगणकावर उघडून पाहता येणे ही पूर्वी अशक्य असलेली गोष्ट आहे. या फाइल उघडण्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन मुक्त सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही पहिल्या भेटीत किचकट वाटतात. पण फक्त एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स म्हणजे प्रकाशाच्या रंगाची दुरुस्ती, आणि सावल्या उजळणे एवढ्या तीन साधनांवर एकाच फाइलशी चिकाटीने काम केले तरी रॉ म्हणजे काय हे बोटांना कळते.

तयार चित्रावर काम करण्यासाठी फोटोशॉप हे नाव सर्वतोमुखी आहे. थॉमस आणि जॉन नॉल या भावांनी घडवलेले हे सॉफ्टवेअर १९९० मध्ये बाजारात आले आणि आता ते वर्गणी भरून वापरावे लागते. चोरीची प्रत वापरण्याची सवय गावोगावच्या दुकानांत रुळली आहे. ती बेकायदेशीर तर आहेच, पण अशा प्रतींबरोबर येणाऱ्या विषाणूंमुळे ग्राहकांच्या लग्नाचे फोटो कायमचे जाण्याचा धोकाही तिच्यात असतो. तिच्याऐवजी गिंप हे मुक्त सॉफ्टवेअर वापरावे. अमेरिकेतील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची तिसरी मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. अल्बम करणाऱ्यांची अडचण अशी की बाजारात मिळणारी पानांची तयार मांडणी फोटोशॉपच्या पीएसडी या प्रकारात असते. तिच्यासाठी फोटोपी हे ब्राउझरमध्येच चालणारे साधन सोयीचे आहे, कारण ते पीएसडी फाइल थरांसह उघडते आणि फाइल कोठेही न पाठवता आपल्याच संगणकावर काम करते.

गिंप शिकण्यासाठी मराठी वाचकाला एक साधन हाताशी आहे, ज्याची दखल मराठीत पुरेशी घेतली गेलेली नाही. ते म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक मोहिमेच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा दहा मिनिटांचे दृकश्राव्य पाठ आहेत, आणि त्यांतील अनेक पाठ मराठीसह भारतीय भाषांच्या आवाजात ऐकता येतात. पडद्यावरील मेनू इंग्रजीत असतो आणि निवेदक तो नावानिशी सांगत मराठीत समजावतो, त्यामुळे शिकणाऱ्याला मेनूतले नाव आणि त्याचे काम दोन्ही एकत्र कळतात. या पाठांची रचना मुद्दाम वेगळी केली आहे : पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडे ठेवायचे, निवेदकाने एक कृती केली की पाठ थांबवायचा, तीच कृती स्वतः करायची आणि मग पुढे जायचे. पाठ उतरवून ठेवून इंटरनेटविना चालवता येतात, ही बाब वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असलेल्या खेड्यातील शाळेसाठी निर्णायक आहे. यांतील गिंपचे पाठ जुन्या आवृत्तीवर आधारलेले असल्याने नव्या आवृत्तीत काही गोष्टी दुसऱ्या मेनूत गेलेल्या आढळतात. अशा वेळी कळफलकावरील तिरक्या रेषेची कळ दाबली की गिंपमध्ये शोधाची चौकट उघडते आणि साधनाचे नाव टाइप करून ते थेट गाठता येते.

या पाठांचा उपयोग करून घ्यायला एक अगदी साधे काम घ्यावे. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० गुणिले ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी अशा मापांत मागितली जाते. पिक्सेल म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका. २०० गुणिले २३० म्हणजे ४६,००० ठिपके, प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट धरले तर १,३८,००० बाइट, म्हणजे १३५ केबीच्या आसपास. ते २० ते ५० केबीत बसवण्याचे काम जेपीईजीचे संकोचन करते. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहज न जाणवणारा तपशील त्यांतून वगळते. बऱ्याच ठिकाणी चूक होते ती क्रमात. मोबाइलने काढलेला सव्वा कोटी ठिपक्यांचा फोटो तसाच ५० केबीपर्यंत दाबला जातो, आणि मग चेहऱ्यावर ते चौकोन उघडे दिसू लागतात. आधी २०० ला २३० या प्रमाणात चित्र कापावे, मग त्याचे माप कमी करावे आणि सर्वांत शेवटी निर्यात करताना गुणवत्तेची पट्टी सरकवून आकार पाहावा. गिंप हा आकार निर्यातीपूर्वीच दाखवते. एवढ्या एका कामात चित्राचे प्रमाण, ठिपक्यांची संख्या आणि फाइलचा आकार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायमचे समजते. शिवाय फोटो आणि सही कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावर चढवून लहान करून घेण्याची गरज उरत नाही. अनोळखी ठिकाणी गेलेल्या सहीचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून हा लाभ लहान नाही.

तंत्र आले तरी काय टिपायचे आणि कसे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी चांगली छायाचित्रे सावकाश पाहावी लागतात. कापसाच्या प्रदेशातील शिकणाऱ्यासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा एक संग्रह विशेष जवळचा ठरेल. १९३० च्या दशकातील मंदीत तेथील सरकारच्या फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या खात्याने आणि त्याच्या आधीच्या खात्याने छायाचित्रकारांना ग्रामीण भागात पाठवले, आणि त्या कामाच्या पावणेदोन लाखांच्या आसपास कृष्णधवल निगेटिव्ह आज ऑनलाइन पाहता येतात. वॉकर इव्हान्स यांनी १९३६ च्या उन्हाळ्यात अलाबामातील हेल परगण्यातल्या कापूस पिकवणाऱ्या बटाईदार कुटुंबांची टिपलेली छायाचित्रे त्यांत आहेत. कर्जात रुतलेला कापूस उत्पादक, त्याचे लाकडी घर, त्याच्या मुलांचे अनवाणी पाय यांच्याकडे इव्हान्स यांनी इतक्या स्थिर आणि आदरशील नजरेने पाहिले आहे की विदर्भातील वाचकाला ती घरे परकी वाटत नाहीत. महत्त्वाचे म्हणजे यांतील पुष्कळ निगेटिव्ह मोठ्या आकाराच्या टिफ फाइल म्हणून उतरवून घेता येतात आणि सरकारी काम असल्याने त्यांच्या वापरावर सहसा निर्बंध नाही. कृष्णधवल चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कशा वाटाव्यात याचा सराव या फाइलींवर करता येतो.

याच संग्रहात डोरोथिया लँग यांचे १९३६ मधील स्थलांतरित मजूर आईचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबावर, एक अंगठा दिसतो. तो लक्ष विचलित करतो म्हणून पुढे निगेटिव्हवरच पुसून टाकण्यात आला, आणि ही गोष्ट खात्याच्या छायाचित्रण विभागाच्या प्रमुखांना रुचली नव्हती. अंगठा असलेले आणि नसलेले, अशी दोन्ही रूपे आज शेजारी ठेवून पाहता येतात. संपादनात कोठपर्यंत जावे यावर कितीही लिहिले तरी या दोन प्रतिमा जे दाखवतात ते शब्दांत येत नाही : चित्र सुधारते, आणि तरीही ते दस्तऐवज असेल तर काहीतरी वजा होते. लग्नाच्या अल्बममधील विजेची तार पुसणे आणि पीकहानीच्या पंचनाम्याच्या फोटोतील काही पुसणे यांत फरक का करायचा, हे यातून उमगावे.

भारतीय ग्रामीण जीवनासाठी अशीच जागा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजेच पारी, हे संकेतस्थळ भरून काढते. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहातील असंख्य छायाचित्रलेख मराठीतही वाचता येतात आणि विदर्भातील कापूस उत्पादकांविषयीचे वार्तांकन त्यात सातत्याने येते. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत टिपलेल्या कष्टकरी स्त्रियांच्या छायाचित्रांचे प्रदर्शनही तेथे पूर्ण स्वरूपात मांडलेले आहे. वाकलेली पाठ, डोक्यावरचा भार, हातांची हालचाल यांना चौकटीत कोठे जागा दिली आहे हे त्यात पाहावे आणि मग ओळ वाचावी; आधी ओळ वाचली की डोळा आळशी होतो.

टिपेश्वरच्या दिशेने वळल्यावर साधनेही वेगळी लागतात. १९९७ मध्ये घोषित झालेले, १४८.६३ चौरस किलोमीटरचे हे शुष्क पानगळीचे सागवानी जंगल वाघांसाठी ओळखले जाते, आणि २०१९ मध्ये येथून निघून तेलंगणाचा काही भाग ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेलेल्या रेडिओ पट्टा लावलेल्या वाघामुळे त्याचे नाव देशाबाहेरही पोहोचले. वन्यजीव छायाचित्रणाचे धडे घेण्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स हे मुक्त प्रतिमांचे भांडार वापरावे. तेथील बहुतेक छायाचित्रांच्या पानाखाली एक्झिफ माहिती दिलेली असते, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलीतच लिहून ठेवलेले शटर, छिद्र, आयएसओ आणि लेन्सचे आकडे. उत्कृष्ट म्हणून निवडलेल्या वाघाच्या किंवा पक्ष्याच्या छायाचित्राखालचे आकडे वहीत उतरवत गेले तर पहाटेच्या अंधूक प्रकाशात लोक आयएसओ किती वाढवतात आणि उडत्या पक्ष्यासाठी शटर किती वेगवान ठेवतात याचा अंदाज कोणत्याही व्याख्यानाशिवाय बसतो.

जंगलाच्या चित्रांबाबत संपादनाचे दोन नियम काटेकोर पाळावे लागतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि त्यांवरूनच वाघ ओळखला जातो. चौकट बरी दिसावी म्हणून चित्र आरशासारखे उलटे केले तर डावी कूस उजवी होते आणि ते छायाचित्र ओळखीसाठी निरुपयोगी, प्रसंगी दिशाभूल करणारे ठरते. दुसरे असे की मोबाइल आणि काही कॅमेरे एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांशही लिहितात. पाणवठ्यावरच्या वाघिणीचे नेमके ठिकाण शिकाऱ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून ही नोंद फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी काढून टाकावी, आणि गिंपमध्ये निर्यात करताना ही माहिती वगळण्याची सोय आहे. फुलपाखरे, कोळी, गवते यांची ओळख पटवण्यासाठी आयनॅचरलिस्ट हे व्यासपीठ उत्तम असून धोक्यातील प्रजातींचे ठिकाण ते आपणहून अस्पष्ट करते. तेथे फोटो चढवताना एक वेगळीच शिस्त लागते : पंखाची वरची आणि खालची बाजू, पानाची मांडणी, खोडाची साल असे ओळखीला उपयोगी पडणारे तपशील टिपावे लागतात, आणि सुंदर पण धूसर पार्श्वभूमीचा मोह सोडावा लागतो.

ऑनलाइन साधने अमर नसतात, हेही येथे नोंदवले पाहिजे. कॅमेऱ्यांच्या सखोल परीक्षणांसाठी १९९८ पासून विख्यात असलेले डीपीरिव्ह्यू हे संकेतस्थळ बंद होणार अशी घोषणा मार्च २०२३ मध्ये झाली आणि नवा मालक मिळाल्याने ते थोडक्यात वाचले. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे तंत्र बंद पडल्यावर भिंगांची आणि प्रकाशाची हलती प्रात्यक्षिके दाखवणारी अनेक जुनी शैक्षणिक पाने निकामी झाली. म्हणून परवाना देत असेल ते साहित्य उतरवून ठेवावे, आणि शाळा किंवा वाचनालय असेल तर एका हार्ड डिस्कवर स्पोकन ट्युटोरियलचे पाठ, रॉ नमुने आणि सॉफ्टवेअरच्या प्रती एकत्र जमवून सर्वांना वापरू द्याव्यात. बंद पडलेले पान पाहायचेच असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची जुनी प्रत बहुधा सापडते.

परवान्याचा उल्लेख आला आहे तर त्याचा कायदाही पाहून घ्यावा, कारण गावातील व्यवसायाशी त्याचा रोजचा संबंध आहे आणि मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे लेखकाने वा छायाचित्रकाराने काही अटींवर वापराची आगाऊ परवानगी देणे. बीवाय म्हणजे नाव द्यावे, एसए म्हणजे पुढील कृतीही त्याच अटीवर खुली ठेवावी, एनसी म्हणजे व्यापारी वापर करू नये. इंटरनेटवर दिसले म्हणून मोफत, हा समज यात बसत नाही, आणि लग्नाच्या अल्बमसाठी कोणाच्याही संकेतस्थळावरून उचललेली पार्श्वभूमी वापरणे हे उल्लंघनच ठरते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्रावरील हक्क आता छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याच अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो स्टुडिओने काढले तरी हक्क कुटुंबाचा असतो, आणि नवरीचे छायाचित्र दुकानाच्या पाटीवर किंवा इन्स्टाग्रामवर जाहिरातीसाठी लावायचे तर तसे आधी लेखी ठरवून घ्यावे लागते. कलम ५२ इमारतींचे छायाचित्र काढण्यास व प्रसिद्ध करण्यास मुभा देते. सार्वजनिक ठिकाणी कायम बसवलेल्या शिल्पाबाबतही ती आहे. त्यामुळे चौकातील पुतळ्याचे किंवा मंदिराच्या बाहेरील बांधकामाचे स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर चढवायला प्रताधिकाराची आडकाठी येत नाही. गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याची परवानगी मात्र देवस्थानकडेच मागावी लागते.